चुकलेली गोळीही सांगा

पुण्यातल्या मधुमेही बंधुभगिनींना आणि त्यांच्या घरच्यांना,



पाऊस तोंडावर आला आहे. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर फ्लूचा जोर असतो आणि थंडीत तो पुन्हा डोकं वर काढतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो याच शहरात. ते दिवस, तोंडाला रुमाल बांधून नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा, अनेकांना आठवत असतील.

मी बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. ‘ताप आहे, जेवण जात नाही, म्हणून दोन दिवस इन्सुलिन घेतलं नाही’ असं कुणी म्हटलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. तापात शरीर साखर वाढवणारी संप्रेरकं सोडतं. पोट रिकामं असलं तरी रक्तातली साखर चढते. कृपा करून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. उलट्या-जुलाब होत असतील तर काही गोळ्या मात्र तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

फ्लूची लस पावसाच्या आधी घ्या, कारण तिचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण तो अंगावर शेकण्याचा आणि दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचा धोका कमी होतो. मधुमेह्याला तो धोका मुळातच जास्त असतो. ‘गेल्या वर्षी घेतली होती की’ हे उत्तर पुरेसं नाही. हा विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते नव्याने ठरवते. पुढे बहुतेक लशींसाठी ते कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, आणि लस हाती यायला सहाएक महिने जातात.

हे ठरतं कशावरून? तुमच्या-माझ्यासारख्यांच्या नाका-घशातून घेतलेल्या नमुन्यांवरून. आपल्या आंबेडकर रस्त्यावरची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ पासून उभी आहे, आणि फ्लूवर नजर ठेवणाऱ्या जगाच्या जाळ्यातला ती एक धागा आहे. अशा नमुन्यांमुळेच कळलं की ‘बी’ गटातला यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही, आणि तो लशीतून वगळायचं ठरलं. नाकात काडी जाते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, हे खरं. तरी डॉक्टरांनी नमुना मागितला तर नाही म्हणू नका.

मधुमेहाच्या औषधांचंही तसंच आहे. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात नुकताच मधुमेह निघालेले ५,१०२ लोक सामील झाले. त्यांनी वर्षानुवर्षं रक्त तपासून घेतलं, आणि १९९८ साली सिद्ध झालं की साखर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात. मेटफॉर्मिन या गोळीवरचा डॉक्टरांचा भरवसा बराचसा त्याच अभ्यासातून आला. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत हा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाजही घरोघरी जाऊन एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी केल्यावरच मिळाला.

तेव्हा तुम्हाला कुणी अभ्यासात सहभागी व्हाल का असं विचारलं, तर घाबरून दार लावू नका. आणि डोळे झाकून सहीही करू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. नीतिसमितीची मंजुरी आहे का, औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत तिची नोंद आहे का, ते विचारा. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत लिहिलेली आहे.

माझी खरी कळकळीची विनंती याहून साधी आहे. खरं सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून आपण चुकलेल्या गोळ्या लपवतो. मग साखर का उतरत नाही हे त्यांना उमगत नाही आणि ते मात्रा वाढवतात. पुढे कधी तुम्ही नेमाने सगळ्या गोळ्या घेतल्या की साखर एकदम उतरून घेरी येते. अभ्यासाच्या वहीत असं खोटं लिहिलं गेलं तर चांगलं औषधही कुचकामी ठरतं, आणि त्याची झळ न भेटलेल्या हजारो रुग्णांना लागते. गोळी महाग पडली म्हणून एक दिवसाआड घेतली असेल, तर तेही सांगा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्वस्त पर्याय बहुधा निघतो.

पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्धवट संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. शेजारणीने दिलेली जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याच्या रसाची बाटलीही त्याच पिशवीत असू द्या.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता