खिशातले छत्तीस फोटो

"मी फिल्म कॅमेरा वापरतो" असं ऑफिसात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अजून रोल मिळतात?" मिळतात. महाग मिळतात, पण मिळतात. दुसरा प्रश्न जरा खोचक असतो: "पण कशाला? फोनमध्ये एवढा भारी कॅमेरा असताना?" प्रश्न रास्त आहे. चहा संपेपर्यंत त्याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. फिल्मचे रंगच वेगळे, त्यात जिवंतपणा असतो वगैरे मी म्हणणार नाही. ते रंग ॲपमध्ये फिल्टर लावून बरेचसे आणता येतात. शार्पनेस, अंधारातले फोटो, सोय, खर्च, कशातही मोजा, फोन जिंकतो. माझं म्हणणं फोटो काढायच्या पद्धतीबद्दल आहे.

माझ्याकडे आहे तो ऑलिंपस एक्सए. १९७९ साली आलेला, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. योशिहिसा मैतानी या डिझायनरची ही करामत. याच माणसाने १९५९ साली ऑलिंपस पेन आणला होता, ज्यात ३६ च्या रोलवर अर्ध्या आकाराचे ७२ फोटो निघायचे. एक्सएला ना लेन्सकॅप, ना कातडी कव्हर. पुढचं झाकण सरकवलं की कॅमेरा तयार, बंद केलं की विषय संपला. वजन साधारण सव्वादोनशे ग्रॅम. लेन्स बाहेर येत नाही, त्यामुळे जीन्सच्या खिशात आरामात मावतो. आणि एवढ्याशा डबीत ३५ मिमीची एफ २.८ लेन्स आणि खराखुरा रेंजफाइंडर! ॲपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेग तो बघून घेतो.

रस्त्यावर तर रेंजफाइंडरचीही गरज पडत नाही. कॅमेऱ्यावर एफ ५.६ आणि ३ मीटर हे दोन आकडे मुद्दाम नारिंगी रंगात दिलेत. तिथे काटे ठेवा आणि फोकस विसरा. मी एफ ८ वर ठेवतो. गणित केलं तर ३ मीटरवर फोकस असताना साधारण १.९ ते ७.३ मीटरमधलं सगळं चालण्याइतपत शार्प येतं. तुळशीबागेतल्या गल्लीत याहून जास्त काय हवं? भर दुपारी ४०० चा रोल असेल तर मात्र एफ १६ वर जावं लागतं, कारण या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा वेगाने चालत नाही. पण मग दीड मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं फोकसमध्ये. म्हणजे सेटिंग घरून निघतानाच झालेलं असतं. रस्त्यावर फक्त बघायचं.

आता त्या ३६ चं. लहानपणी आमच्याकडे कोडॅकचा केबी-१० होता. बाबा गणपतीत रोल घालायचे आणि तो दिवाळीपर्यंत पुरवायचे. "सगळे एकदम उभे राहा, एकच काढणार आहे" हे वाक्य तुमच्याही घरी ऐकलं असेल. आज रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून मला एक फोटो तीस-चाळीस रुपयांना पडतो. म्हणजे दर क्लिकला एक वडापाव आणि एक कटिंग. त्यामुळे आपोआप विचारलं जातं, हा फोटो खरंच हवाय का? बहुतेक वेळा नको असतो, आणि मग मी नुसता उभा राहून बघतो. फोनवर फोटो काढला की नजर लगेच स्क्रीनवर जाते आणि नेमकं तेव्हाच समोर काहीतरी घडून जातं. इथे मागच्या बाजूला काळा पत्राच आहे, बघणार काय?

पण माझ्यासाठी सर्वांत मोठा मुद्दा वेगळाच आहे. मंडईत एका भाजीवाल्या मावशींचा फोटो काढला होता. त्या म्हणाल्या, "दाखव की, कसा आलाय." म्हटलं, "मावशी, रोल आहे. धुवायला टाकावा लागतो." "मग आणून दे." झालं! तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड साइझ कॉपी घेऊन गेलो. त्यांनी निरखून पाहिलं, "हसायला सांगायचं ना रे" म्हणाल्या, आणि फोटो पैशांच्या डब्यात ठेवून दिला. शेजारचा कांदेवाला लगेच केस नीट करून बसला.

आपण रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे सर्रास उचलतो. ते आपल्या क्लाउडवर जातात, त्यांवर लाइक मिळतात, आणि ज्याचा चेहरा त्याच्या हाती काहीच नाही. स्क्रीनवर फोटो दाखवला की व्यवहार मिटल्यासारखा वाटतो. फिल्ममध्ये तो मिटत नाही, उधारी राहते आणि फेडायला परत जावं लागतं. कुणी म्हणेल, फोनवरच्या फोटोचीही प्रिंट देता येते. येते की, पण देतं कोण?

कॅमेरा लहान म्हणजे चोरून फोटो काढायला बरा, असंही काहींना वाटतं. मला ते पटत नाही. मी तो उघड हातात धरतो. समोरच्याने मान डोलावली तर कॉपी नक्की, हात आडवा केला तर झाकण बंद.

लगेच कॅमेरा विकत घ्या असं मी म्हणत नाही. २०२४ साली पेंटॅक्सने पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेरा आणला, हाताने रोल फिरवायचा, पण तो स्वस्त नाही. आधी घरच्या माळ्यावर जुना केबी-१० पडलाय का ते बघा. नसेल तर फोनवरच एक प्रयोग करा. एका रविवारी फक्त ३६ फोटो काढायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत एकही उघडून बघायचा नाही. मग त्यातल्या एकाची कॉपी काढून ज्याचा फोटो आहे त्याला नेऊन द्यायची.

शेवटचं तेवढं गाळू नका.