देवबागला निघण्यापूर्वी

एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आणि मधोमध माडांनी धरून ठेवलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असे हे आमचे देवबाग. पावसाळा ओसरला की कोल्हापूर, मिरज, सोलापूर, बेळगाव या बाजूंच्या गाड्यांची येथे रीघ लागते. त्यांत मुस्लिम कुटुंबांची संख्या थोडी नसते. खोलीचे भाडे, डॉल्फिन दिसण्याची वेळ, किल्ल्याची होडी या चौकश्या सर्वच जण करतात. परंतु या कुटुंबांच्या मनात त्याआधीचा एक प्रश्न असतो : तिथे आम्हांला हलाल जेवण मिळेल का? पुष्कळदा तो मनातच राहतो. आज मी त्याविषयी लिहिते आहे, कारण न विचारलेल्या या प्रश्नाची परिणती अधूनमधून माझ्या दवाखान्यात येऊन पोहोचते.

वाचकहो, खात्री नसलेले अन्न मनुष्य टाळतो आणि भिडेपोटी त्याचे कारण सांगत नाही. ‘भूक नाही’ असे म्हणून तो चहा-बिस्किटांवर दिवस काढतो. जैन प्रवासी असेच वागतात, गळ्यात माळ असलेले वारकरीही असेच वागतात. तरुण प्रकृतीस एखादा उपास काही करीत नाही. परंतु कुटुंबातील वडीलधाऱ्यांपैकी कोणास मधुमेह असेल, तर गोष्ट निराळी होते.

मागील हिवाळ्यात घाटावरील एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ माझ्याकडे आणले गेले. सकाळी त्यांनी नेमाप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली होती. न्याहारीला तव्यावरची पोळी व अंडी समोर आली. पण आदल्या रात्री त्याच तव्यावर काय परतले होते हे ठाऊक नसल्याने त्यांनी केवळ एक केळे खाल्ले. मग होडीची रांग, किल्ल्याच्या तटावरची चढण, डोक्यावर ऊन. परतीच्या होडीत त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. बरोबरच्या मंडळींना वाटले, बोट लागली. त्यांनी लिंबू हुंगावयास दिले. रक्तातील साखर ४८ भरली! ते अजून गिळू शकत होते, म्हणून साखरेच्या पाण्याने वीस मिनिटांत सावरले. आणखी अर्धा तास गेला असता तर शुद्ध हरपली असती, आणि बेशुद्ध मनुष्याच्या तोंडात काही घालता येत नाही. शुद्धीवर आल्यावर ते संकोचून म्हणाले, “डॉक्टरबाई, विचारायला अवघड वाटलं हो. त्या माउलीनं इतक्या प्रेमानं वाढलं होतं.”

यातील वैद्यकीय भाग थोडक्यात सांगते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे पोटात अन्न असो वा नसो, साखर उतरवीतच राहतात. नुसत्या मेटफॉर्मिनने असे क्वचितच होते; तथापि आजकाल एकाच गोळीत दोन-दोन औषधे मिसळलेली असतात, म्हणून आपल्या गोळीत काय आहे हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहून घ्यावे. घाम, कंप, धडधड, चिडचिड, गोंधळ यांपैकी काही दिसताच तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटताच काही खाण्यास द्यावे. मालवणी खाजे चवीला उत्तम. पण बेसनामुळे त्यातील गोडी रक्तात सावकाश उतरते. खिशात साखरेची पुडीच असू द्यावी.

आता ताटाकडे वळू. मालवणी जेवण मुस्लिम प्रवाशांस परके वाटण्याचे वस्तुतः फारसे कारण नाही. मासळीला जबह करावे लागत नाही. त्यामुळे सुरमई, बांगडा, पापलेट, सौंदाळे यांविषयी प्रश्नच उद्भवत नाही. प्रश्न येतो तो कवचवाल्या प्राण्यांचा. आमचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. ते कुर्ल्या, तिसऱ्या, कोळंबी सर्व आवडीने खातात. देशावरील कुटुंबे बहुधा हनफी असतात. त्यांच्यात कुर्ल्या व तिसऱ्या वर्ज्य मानतात आणि कोळंबीविषयी मतभेद आहेत. घरगुती खाणावळीच्या यजमानीणबाईंना हा भेद ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय आमच्याकडे भाजीत मूठभर जवळा किंवा सोडे घालण्याची चाल आहे, त्यामुळे दिसावयास शाकाहारी असलेली भाजी तशी असेलच असे नाही. ज्यांना कवचवाल्या माशांचे वावडे आहे, त्यांच्यासाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे. म्हणून धर्म कोणताही असो, ‘यात जवळा आहे का?’ हे विचारून ठेवावे.

कोंबडी-वड्यांची कीर्ती ऐकून पुष्कळ जण येतात. वडे तांदूळ-उडदाच्या पिठाचे असतात. त्यांत आक्षेपार्ह काही नसते. कोंबडी मात्र बहुधा घरची गावठी असते व घरच्याच कोणी कापलेली असते. तेव्हा एकतर मालवणातून हलाल मांस आणून देण्याची तयारी आधीच दाखवावी, नाहीतर वडे काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याबरोबर मागावेत. ही काही तडजोड नव्हे. आमच्याकडे सणावारी, कोंबडी चालत नाही अशा दिवशी, हीच जोडी पानात असते, आणि मधुमेह्याला त्या वाटाण्यांचा कोंड्यासह मिळणारा गुण अधिकच. सोलकढी म्हणजे कोकम आणि नारळाचे दूध. ती निःशंक प्यावी. माडी मात्र मादक असते. कोणी ‘माडाचे पेय’ म्हणून पेला पुढे केला, तर शहाळे की माडी हे विचारावे. येथून पुढे गोव्यात उतरणार असाल तर तेथील सान्नांचे पीठ परंपरेने माडीनेच फुगवितात, हेही लक्षात असू द्यावे.

आमच्या गल्लीतील एक वयस्क यजमानीणबाई पाहुण्यांचा फोन आला की पहिले वाक्य हेच बोलतात : “तुमी काय खाणास नाय, ता आधी सांगा.” निवास-न्याहारीचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या वाचकांनी हे वाक्य अवश्य उचलावे. निराळा तवा, ताजे तेल आणि दोन पातेली यांहून अधिक खर्च त्यात नाही, आणि पाहुण्याच्या गळ्याखाली घास उतरतो.

मासळीविषयी आणखी एक. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. त्या काळात ताटात येणारा मासा बहुधा बर्फातला असतो. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हात बर्फावाचून पडून राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य साठते, आणि ते शिजवून नाहीसे होत नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, अंगाची आग होणे ही त्याची लक्षणे होत. लोक त्यास ‘माशाचे वावडे’ समजून आयुष्यभर सुरमई सोडतात. वास्तविक दोष त्या दिवसाच्या माशाचा असतो.

सिंधुदुर्ग किल्ला देवबागपासून दहा-बारा किलोमीटरवर, मालवणच्या धक्क्यासमोर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. खाऱ्या समुद्राच्या मध्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून हाही जागतिक वारसा ठरला. मुलांना तट दाखविताना, शिवछत्रपतींच्या आरमाराचे नेतृत्व करणाऱ्यांत दौलतखान होता, हेही सांगावे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील ते नाव समुद्राच्या साक्षीने निराळे वाटते. तटावर सावली नाही. म्हणून भरपेट न्याहारी करून सकाळच्या पहिल्या होड्यांनी जावे व ऊन चढण्याआधी परतावे. जुहरची नमाज आणि दुपारचे जेवण दोन्ही वेळेवर होतात. मालवण शहरात मशीद आहे. देवबागेत मुक्कामीच नमाज पढावयाची असेल तर किब्ल्याची दिशा पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे झुकलेली; म्हणजे जवळजवळ समुद्राकडेच. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात.

सध्या रमजान थंडीच्या, म्हणजे ऐन पर्यटनाच्या महिन्यांत येतो आणि दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. प्रवासी आणि आजारी यांना रोजा पुढे भरून काढण्याची मुभा कुराणातच आहे. ती घ्यावी की नाही हे कुटुंबाने व जाणत्यांनी ठरवावे. माझे काम एवढेच सांगण्याचे, की रोजा ठेवून प्रवास करणाऱ्या मधुमेह्याची साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा त्याच क्षणी सोडला पाहिजे. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक धर्मपंडित मानतात.

निसर्गाच्या ओढीने येणाऱ्यांस कर्लीचा संगम आणि त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा दांडा ठाऊक असतोच. ओहोटीच्या वेळी संगमावरचा ओढा पोहणाऱ्याला उघड्या समुद्राकडे नेतो. तेथे पोहू नये, आणि होडीत जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने, आजींनीसुद्धा, घालावे. अंग झाकणारा पोशाख पाण्यात अवश्य असावा, मात्र सुती नसावा. भिजलेली सुती सलवार-ओढणी पायांना जड होते व गुंडाळते. नायलॉनचा पातळ, अंगालगत बसणारा पोहण्याचा पूर्ण पोशाख अधिक निर्धोक. दमा, हृदयविकार, गर्भारपण असेल तर स्कूबाच्या वाटेस जाऊ नये, आणि केलाच तर पुढील चोवीस तास विमानात बसू नये.

समुद्राचा कंटाळा आला, किंवा वृद्धांना लाटांची भीती वाटली, तर कुडाळकडील वाटेवर धामापूरचा तलाव आहे. १५३० साली बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून गौरविला गेला. गर्द झाडी आणि शांत पाणी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मला तो किल्ल्याहून अधिक पसंत आहे.

शेवटी औषधांची पिशवी. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते आणि काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असते. ही शंका आल्यावर कित्येक रुग्ण न सांगता औषधच बंद करतात, तेही प्रवासात! तसे न करता लिहून देतानाच विचारावे. बहुतेक औषधे गोळीच्या रूपात मिळतात. इन्सुलिनविषयी जुन्या मंडळींच्या मनात अजून संशय असतो, कारण पूर्वी ते डुकराच्या किंवा गाईच्या स्वादुपिंडापासून काढीत. आज आपल्याकडे मिळणारे इन्सुलिन जवळजवळ सर्वच सूक्ष्मजीवांकरवी तयार केलेले असते. ते बंद गाडीत ठेवू नये. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ते दिवसभर चांगले राहते. देवबागला येण्या-जाण्याचा रस्ता एकच आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तो तुंबतो. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ त्यानुसार धरावा, आणि १०८ ला फोन करताना मुक्कामाच्या घराबरोबर वाडीचे नावही सांगावे.