कृतज्ञता आणि कौल
१९४५ च्या जुलैत ब्रिटिश मतदारापुढे पेच उभा राहिला तो असा की, ज्या चर्चिलसाहेबांनी महायुद्धाच्या वणव्यातून राष्ट्राला सुखरूप बाहेर काढले, त्यांच्या दर्शनासाठी रस्तोरस्ती लोटलेल्या जनतेने मतही त्यांच्याच पक्षाच्या पदरात टाकावे, की पत्नी चालवीत असलेल्या साध्या मोटारीतून प्रचारास हिंडणाऱ्या मितभाषी अ‍ॅटलींच्या मजूर पक्षावर घरे, रोजगार आणि बेव्हरिज अहवालातील सामाजिक सुरक्षितता यांसाठी भरवसा ठेवावा. सैनिकांची मते दूरदूरच्या मुलखांतून येईपर्यंत मोजणी तीन आठवडे तहकूब राहिली, आणि २६ जुलैला मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या. यास कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे होईल. वीराचा मनःपूर्वक जयजयकार करूनही पुढील कारभाराची सनद स्वतंत्र विचाराने देणे, हाच नागरिकाचा श्रेष्ठ धर्म होय.