दुखणी दोन, मूळ एक

मूल वयाच्या मानाने खुजे राहते, चेहरा फिकट दिसतो, पाय वाकू लागतात. फिकेपणासाठी लोहाचे औषध दिले जाते, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व. दोन्ही उपचार चालूनही गुण येत नसेल, तर दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे काय, हे तपासणे अगत्याचे ठरते.

शरीरात रोज तयार होणारे आम्ल मूत्रावाटे बाहेर टाकणे, हे मूत्रपिंडाचे काम. ‘डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस’ या विकारात ते साधत नाही. रक्तात साठलेले आम्ल शमविण्यासाठी हाडे आपले क्षार खर्ची घालतात. हाडे दुबळी होतात आणि त्यांतील कॅल्शियम मूत्रपिंडात साचते. या विकाराच्या एका आनुवंशिक प्रकारात सदोष असलेले प्रथिन मूत्रपिंडाप्रमाणेच तांबड्या रक्तपेशींच्या आवरणातही असते. त्यामुळे पेशी अकाली फुटतात आणि रक्तक्षय होतो.

परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह २०१० साली अशा दोन भारतीय रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दोघांचे एकमेकांशी नाते नव्हते; तरीही दोघांत ‘ए८५८डी’ हा एकच जनुकदोष आई व वडील या दोन्ही बाजूंनी आलेला होता. तो ओळखण्याची चाचणीही त्याच संशोधनातून पुढे आली.

असे आईवडील बहुधा निरोगीच दिसतात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहात असा योग अधिक संभवतो. यात कोणाचाही दोष नाही. म्हणून सोयरिकीच्या चिंतेने आजार झाकून ठेवू नये.

निदानाची सुरुवात साध्या तपासण्यांनी होते: रक्तातील बायकार्बोनेट, क्लोराइड व पोटॅशियम आणि मूत्राची आम्लता. बायकार्बोनेट किंवा सायट्रेटचे औषध नियमित घेतल्यास हाडे सुधारतात व वाढ पुन्हा सुरू होते. रक्तक्षयावर मात्र स्वतंत्र लक्ष ठेवावे लागते. औषध बहुधा आयुष्यभराचे असते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. स्वयंपाकघरातील सोडा त्याला पर्याय नव्हे. घरात उपवास असले, तरी अशा मुलाचे औषध व पाणी वैद्यकीय सल्ल्यावाचून थांबवू नये.

चिखलोलीहून परळ लोकलच्या एका प्रवासावर आहे. उशीर झाल्यास मूत्रपिंडाची हानी भरून येत नाही. म्हणून अशा मुलाचे रक्ताचे आणि हाडांचे सारे कागद एकत्र करून एकाच बालरोगतज्ज्ञासमोर ठेवावेत.