चक्राचा आंस

ज्याला लहानपणीं छळलें तो मोठेपणीं छळणाराच होतो, हें सूत्र अलीकडच्या अनेक चित्रपटांनीं आणि त्यांच्या समीक्षकांनीं सिद्धांतासारखें उराशीं धरलें आहे. पडद्यावर खुनी दिसला कीं त्याच्या बालपणांतील एखादा काळोखा प्रसंग दाखवावयाचा, आणि प्रेक्षकानें ‘अरेरे, म्हणूनच!’ असा सुस्कारा टाकून घरीं जावयाचें. आमचे कांहीं विद्वान मित्र यास सहृदयता म्हणतात. आम्हांस तो पीडितावर केलेला दुसरा अन्याय वाटतो.

१९६० सालीं इंग्लंडांत निघालेला मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ घ्या. त्यांतील शास्त्रज्ञ बाप भीतीच्या अभ्यासासाठीं आपल्याच मुलास भिववितो व त्याच्या भीतीचीं चित्रें टिपतो. मुलगा मोठेपणीं हातांत कॅमेरा घेऊनच स्त्रियांचे खून करतो. या कृतीची पकड विलक्षण आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण एका मनुष्याची कथा हा सर्वांचा नियम नव्हे. ग्रीक शोकांतिकेंतील दैव आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. त्या दैवास मानसशास्त्राचा अंगरखा चढविल्यानें तें शास्त्र होत नाहीं.

शास्त्र काय म्हणतें? अमेरिकेंतील कॅथी विडम यांनीं अत्याचार किंवा हेळसांड सोसलेल्या नऊशेंहून अधिक मुलांचा माग काढून १९८९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकीं शेंकडा २६ जणांस अल्पवयांत अटक झाली होती. तशाच परिस्थितींतील इतर मुलांत हें प्रमाण शेंकडा १७ होतें. धोका वाढतो, हें खरें. पण उरलेल्या शेंकडा ७४ जणांचें काय? प्रेक्षागृहांत बसलेल्या ज्या बाईनें सारें सोसलें आणि आपल्या मुलांवर कधीं हात उगारला नाहीं, तिला असला चित्रपट काय सांगतो? इतकेंच, कीं तुझी पाळी अद्याप यावयाची आहे!

या संशयाचा शेवट कोठें होतो, हें क्लिंट ईस्टवुड यांच्या ‘मिस्टिक रिव्हर’नें (२००३) दाखविलें आहे. बॉस्टनमधील डेव्ह याला लहानपणीं दोन नराधमांनीं पळवून नेलेलें असतें. पुढें बालमित्र जिमीच्या मुलीचा खून होतो, आणि बायकोसकट सर्वांची नजर डेव्हकडे वळते. त्या रात्रीं त्याच्या हातून एक मनुष्य मेलेला असतो खरा, पण तो मुलांना भ्रष्ट करणारा परका इसम. मुलीच्या खुनाशीं डेव्हचा कांहींएक संबंध नसतो. तरीही जिमी त्याला ठार करतो. ‘लहानपणींच बिघडलेला’ हा शिक्का म्हणजेच पुरावा ठरतो.

याच्या उलट मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ (२००१) पाहा. दिल्लींतील एका पंजाबी घरांत लग्नाची गडबड चालू आहे. रियावर लहानपणीं अत्याचार करणारा नातलग तेज आतां लहानग्या आलियाभोंवतीं घोटाळतांना तिला दिसतो. त्याचे घरावर थोर उपकार. रियाच्या परदेशांतील शिक्षणाचा खर्चही तोच देऊं करतो. तरी ती त्याची मोटार अडविते आणि चारचौघांत बोलते. घरचा कर्ता ललित तळमळतो, आणि अखेर लग्नाच्या दिवशींच तेजला निघून जावयास सांगतो. सोसणारी येथें छळणारी झाली नाहीं; राखणदार झाली.

विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘उडान’मध्यें (२०१०) जमशेदपूरचा भैरवसिंह मारझोडीलाच संगोपन समजतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला कीं त्याला वडिलार्जित घड्याळ द्यावयाचें, ही त्या घराची रीत. शेवटीं रोहन धाकट्या सावत्र भावास घेऊन निघतो, आणि घड्याळ मागें ठेवतो. मार हाही वारसाच; पण तो नाकारतां येतो.

तेव्हां चक्र आहे, हें आम्ही मान्य करतों. मात्र त्याचा आंस पीडिताच्या रक्तांत नसून, पाहून न पाहिल्यासें करणाऱ्या घरांत आहे. २००७ सालच्या सरकारी पाहणींत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांनीं कसल्या ना कसल्या लैंगिक अत्याचाराची कबुली दिली, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकीं निम्मे जण ओळखीचे व विश्वासांतले होते. २०१२ च्या कायद्यानें तर असा गुन्हा ठाऊक असून न कळविणें हाही गुन्हा ठरविला आहे. कायद्यास जें कळलें तें आमच्या दिवाणखान्यांत अद्याप कळलेलें नाहीं. एखाद्या काकांजवळ बसावयास मुलगी नको म्हणाली, तर ‘मोठ्यांना असें म्हणूं नये’ म्हणून तिला दटावणारे आम्हीच. आणि रात्रीं पडद्यावरील खुन्याच्या बालपणासाठीं डोळे पुसणारेही आम्हीच. ते अश्रू आम्हांस फार स्वस्त पडतात. त्यांपेक्षां त्या मुलीस, ती नको कां म्हणाली, एवढें विचारावें.