शिंप्याला ज्वारी नको असते



आपल्या घरांत गच्चीवर पक्ष्यांसाठी दाणा-पाणी ठेवतातच. शिंपी मात्र त्या ज्वारीकडे फिरकत नाही. हिरवट पाठीचा, तांबूस डोक्याचा, जेमतेम १३ सेंटिमीटरचा हा पक्षी किडे-अळ्या खातो. जीव एवढासा, पण आवाज गल्लीभर! मादी पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडते, त्यांतून कापूस नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवते आणि पान शिवून आत घरटं करते. कापसाला शहाद्यात काय तोटा! अंडी ३-४. ती उबायला साधारण १२ दिवस, पिल्लं उडायला आणखी दोन आठवडे.

म्हणजे फार तर एक महिना. तेवढाही आपण देत नाही. गेल्या वर्षी पर्युषणात पाहुणे येणार म्हणून मी अंगणातलं लिंबाचं झाड छाटून घेतलं. खाली पडलेल्या फांद्यांत शिवलेलं पान सापडलं. संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम म्हणताना तेच डोळ्यांपुढे होतं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्येष्ठ ते भाद्रपद झाडांना कात्री लावू नये, औषधही फवारू नये. सासूबाई म्हणाल्या, "तो किडे मारतो, मग त्याला सांभाळणं ही कसली जयणा?" प्रश्न खोटा नाही. पण किडे हा त्याचा आहार आहे. फवारणी ही आपली सोय.

यंदा लिंबाची फांदी थेट दारावर आलीये. वाकून जावं लागतं, सासूबाईंनाही.