डॉक्टरांची झोप, रातपाळी आणि जात

भिलाईत झोपेला मान होता. पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये मी वाढले. वडील मूळचे गोंदियाकडचे, नोकरीसाठी इथे आलेले. ते नाईट शिफ्ट करून सकाळी घरी आले की आई पडदे ओढायची, रेडिओ बंद व्हायचा आणि आम्हा भावंडांना बाहेर पिटाळलं जायचं. शेजारीही हेच. भट्टीसमोर पेंगणारा माणूस स्वतःबरोबर आणखी चौघांचा जीव घालवू शकतो, हे तिथल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं.

एप्रिल 2021 मध्ये हेच शहर झोप विसरलं. देशात सर्वाधिक सक्रिय कोरोनारुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांच्या केंद्राच्या यादीत पुणे, मुंबई, नागपूर यांच्या सोबतीला आमचा दुर्ग जिल्हा होता. 6 एप्रिलपासून जिल्ह्यात टाळेबंदी लागली. भिलाईच्या कारखान्यातून वैद्यकीय ऑक्सिजनचे टँकर इतर राज्यांकडे निघत होते आणि शहरातली माणसं खाटेसाठी फोन फिरवत होती.

माझी मावसबहीण तेव्हा एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होती. पीपीई किट उतरवून खोलीवर आली तरी तिला झोप लागायची नाही. डोळे मिटले की मॉनिटरचा आवाज कानात सुरू व्हायचा. हे त्या काळात बहुतेक डॉक्टरांचं झालं. पण तिच्या सांगण्यात आणखी एक गोष्ट होती. ड्युटीची यादी सीनियर लावत आणि लागोपाठच्या रात्री तिच्या व एका आदिवासी सहकाऱ्याच्या वाट्याला येत. विचारलं तर उत्तर मिळालं, "कोट्यातून आलात ना, जास्त काम केलंत तर थोडं शिकाल." तिने तक्रार केली नाही. प्रबंधावर सही लागणार होती, परीक्षेला त्याच विभागासमोर उभं राहायचं होतं. विषाणूची भीती लाट ओसरल्यावर गेली, ही भीती डिग्री हातात पडेपर्यंत राहिली.

महामारीत डॉक्टरांच्या झोपेवर जगभर पाहण्या झाल्या. त्यांत बरेचदा 1989 मध्ये पिट्सबर्गमध्ये तयार झालेली प्रश्नावली वापरतात. 19 प्रश्न, 0 ते 21 गुण, आणि 5 च्या वर गेलात की तुमची झोप बिघडलेली. सोबत वय, लिंग, पद, कोविड वॉर्डातली ड्युटी यांची नोंद होते. मी वाचलेल्या अशा भारतीय अभ्यासांत जातीचा रकाना मला जवळपास दिसलाच नाही. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला ही साधी चूक वाटत नाही. जे मोजायचंच नाही, त्याची जबाबदारीही कुणावर येत नाही. मग निदान होतं 'ताण' आणि उपाय सुचतो प्राणायाम.

हा ताण कोरोनाने आणलेला नाही. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने जीव दिला. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी स्त्रीरोग विभागात शिकत होती. सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. रोहित वेमुलाची आई राधिका आणि पायलची आई आबेदा या दोघी 2019 मध्येच कॅम्पसमधल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. म्हणजे महामारीच्या आधीच दोन आयांनी देशाला सावध केलं होतं. त्यानंतरही त्याच वसतिगृहांत, त्याच उतरंडीत, मुलांना कोविड ड्युटीला जुंपलं गेलं.

आता नीट-पीजीची गोष्ट आठवा. 18 एप्रिल 2021 ची परीक्षा कोरोनामुळे पुढे ढकलली गेली आणि 11 सप्टेंबरला झाली. समुपदेशन मात्र 12 जानेवारी 2022 रोजी सुरू झालं. पहिल्या वर्षाची तुकडीच आली नाही. तीन तुकड्यांचं काम दोन तुकड्या ओढत राहिल्या. दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण कॅन्टीनपासून व्हॉट्सॲपपर्यंत राग निघाला तो आरक्षणावर. वस्तुस्थिती काय होती? अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना 27 टक्के आणि आर्थिक दुर्बलांना 10 टक्के आरक्षण देणाऱ्या 29 जुलै 2021 च्या सूचनेला आव्हान दिलं गेलं. त्यातला सर्वांत मोठा अडसर ठरला ईडब्ल्यूएसची आठ लाखांची उत्पन्न मर्यादा. तिचा फेरविचार करायला केंद्राने नोव्हेंबरमध्ये चार आठवडे मागून घेतले. त्या 10 टक्क्यांत एससी, एसटी, ओबीसींना जागाच नाही. तरी टोमणे ऐकले ते माझ्या बहिणीने, तेही छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर. पुढे न्यायालयाने ओबीसी आरक्षण वैध ठरवलं आणि परीक्षेतले गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे, असंही स्पष्ट केलं. ते निकालपत्र वॉर्डांत कुणी वाचलं?

झोप हा कामाच्या तासांचा, म्हणजे हक्काचा प्रश्न आहे, हे आपल्याला नवीन नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. 1948 च्या कारखाने कायद्यानेही हीच मर्यादा ठेवली. माझ्या वडिलांची दिवसा लागणारी गाढ झोप ही त्या कायद्याची देणगी होती. निवासी डॉक्टरांसाठीही केंद्राने 1992 मध्ये आठवड्याला सरासरी 48 तास आणि सलग 12 तासांहून जास्त ड्युटी नको, असं लिहून दिलं. ते कागदावरच राहिलं. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा सुचवली, तेव्हा तीही सुधारणा वाटली! पोलाद वितळवणाऱ्यासाठी 48 आणि माणूस वाचवणाऱ्यासाठी 74, हा हिशेब कुणी समजावून सांगावा.

त्यामुळे मागण्या साध्या आहेत. कामाच्या तासांना कायद्याचं बंधन हवं आणि ते मोडणाऱ्या विभागप्रमुखाला दंड हवा. ड्युटीची यादी सीनियरच्या मर्जीवर न सोडता फलकावर लागावी, कुणाच्या वाट्याला किती रात्री आल्या हे सर्वांना दिसावं. मानसिक आरोग्याच्या प्रत्येक पाहणीत नाव गुप्त ठेवून जात विचारली जावी. तक्रार ऐकणाऱ्या समितीत विभागाबाहेरची आणि आपल्या समाजांतली माणसं असावीत. आणि 'आरोग्य कर्मचारी' म्हणताना वॉर्ड पुसणाऱ्या बाईची व दारोदार फिरणाऱ्या मितानिनचीही झोप मोजावी. टाळ्या-थाळ्या त्यांच्याही नावाने वाजल्या होत्या.

बहीण आता डिग्री घेऊन नोकरीला लागली आहे. मध्यंतरी नाईट करून ती आमच्याकडे आली. आईने न बोलता पडदे ओढले, माझा मोबाईल बंद करायला लावला. ती दुपारी तीनपर्यंत झोपली. वडिलांना ही झोप कायद्याने मिळत होती. तिला ती अजून मावशीच्या घरी येऊन घ्यावी लागते.